फ्रेंच अधिकाऱ्याची चकमकीची बंदूक : पारखावी कशी, सांभाळावी कशी

जुन्या फ्रेंच बंदुकीच्या चिठ्ठीवर 'अधिकाऱ्याची' एवढा एक शब्द लिहिला की तिचा भाव चढतो. शिपायांच्या बंदुका सरकारी कारखान्यांतून लाखांनी बाहेर पडल्या, अधिकाऱ्यांच्या मात्र मोजक्याच घडल्या. त्यांतल्या कित्येक पुढच्या पिढ्यांनी शिकारीला वापरून झिजवल्या. त्यामुळे खरी बंदूक दुर्मीळ आहे आणि तिच्या नावावर खपवलेल्या बंदुका भरपूर आहेत. तुम्ही लिलावात एखादी हेरून ठेवली असेल, घरातल्या माळ्यावर सापडली असेल किंवा परदेशातल्या दुकानात आवडली असेल, तर तो शब्द चिठ्ठीवर नव्हे, बंदुकीवर शोधा. तो कुठे आणि कसा शोधायचा, यासाठी हा लेख.

आधी ही बंदूक होती काय ते पाहू. फ्रान्सने पायदळासाठी ठरीव नमुन्याची पहिली बंदूक 1717 साली पक्की केली. 1728, 1763, 1766 आणि 1777 साली सुधारित नमुने आले. क्रांतीनंतर त्याच 1777 च्या नमुन्यात थोडे फेरफार करून प्रजासत्ताकाच्या नवव्या वर्षाचा, म्हणजे 1800-01 चा नमुना निघाला. नेपोलियनच्या बहुतेक लढाया याच बंदुकीवर झाल्या. शार्लव्हिल, सेंट-एतियेन आणि मोबज हे तीन मोठे कारखाने; आरमारासाठी त्यूल. पायदळातला अधिकारी आधी हातात आखूड भाला घेऊन चाले. अठराव्या शतकाच्या मध्यावर तो भाला मागे पडला आणि अधिकाऱ्याच्या हाती हलकी, संगीन लावता येणारी बंदूक आली. ती बहुधा तो स्वतःच्या पैशाने घेई. म्हणून तिच्यात दोन गोष्टी एकत्र दिसतात: सैन्याची शिस्त आणि घेणाऱ्याची ऐपत. या दोहोंपैकी एकच दिसत असेल तर सावध व्हा. नुसती शिस्त दिसली तर ती शिपायाची आखूड केलेली बंदूक असू शकते, नुसती श्रीमंती दिसली तर शिकारीची.

पारख सुरू करण्याआधी एक काम केल्याशिवाय पुढे जाऊ नका. बंदूक भरलेली नाही ना, ते पाहा. तोंडाकडून भरायच्या या बंदुका बार न काढता तशाच ठेवून दिल्याची उदाहरणे जगभर सापडतात. आतली काळी दारू कोरडी राहिली असेल तर दोनशे वर्षांनीही पेट घेते. घोड्याला हात लावू नका, गारगोटीशी खेळू नका, तोंड कोणाच्याही दिशेने नको. नळीपेक्षा लांब अशी गुळगुळीत लाकडी काठी अलगद आत सोडा. ती अडेल तिथे नळीच्या तोंडापाशी काठीवर खूण करा. काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून तशीच धरा. नळी रिकामी असेल तर काठीचे टोक मागे कान्याच्या, म्हणजे आग आत शिरण्याच्या, भोकापर्यंत पोचते. ते तीन-चार सेंटिमीटर अलीकडेच थांबले, तर आत काहीतरी आहे. ती चिंधी असेल, गांधिलमाशीचे घर असेल किंवा गोळी आणि दारू असेल. ते स्वतः उकरू नका, गरम करू नका, भोक पाडू नका. बंदूक तिथेच ठेवून पोलिसांना कळवा आणि परवानाधारक बंदूक-कारागिराकडून ती रिकामी करून घ्या. हे काम अर्ध्या दिवसाचे असले तरी टाळू नये.

बंदूक रिकामी असल्याची खात्री झाली की टेप घ्या. त्या काळी फ्रान्समध्ये मीटर नव्हता, पॅरिसचा जुना इंच होता आणि तो सुमारे 2.707 सेंटिमीटरचा. 1777 च्या पायदळी बंदुकीची नळी अशा 42 इंचांची, म्हणजे 113.7 सेंटिमीटर. घोडदळातल्या ड्रॅगून शिपायाची त्याहून आखूड, नवव्या वर्षाच्या नमुन्यात 38 इंचांची, म्हणजे सुमारे 102.9. आतला व्यास दोन्हींचा साधारण 17.5 मिलिमीटर. पायदळी बंदुकीची एकूण लांबी दीड मीटरच्या आसपास आणि वजन साडेचार किलोच्या घरात. हे आकडे पाठ असू द्या, कारण 'अधिकाऱ्याची' म्हणून दाखवलेल्या आखूड बंदुकांतल्या बऱ्याचशा प्रत्यक्षात ड्रॅगूनच्या तरी असतात किंवा पुढून कापलेल्या तरी. कापलेली नळी ओळखता येते. संगिनीची खुंटी तोंडाच्या फार जवळ येते, किंवा ती नव्याने डाखलेली दिसते. तोंडाकडे नळीची जाडी एकाएकी संपल्यासारखी वाटते. पुढच्या कडीची जागाही चुकते. अधिकाऱ्याच्या अस्सल बंदुकीत नळी मुळातच आखूड आणि बारीक घडवलेली असते. व्यास शिपायाच्या बंदुकीहून थोडा कमी असतो आणि हातात घेतली की तिचा तोल लगेच जाणवतो.

आता कळ. चकमकीची ही रचना फ्रान्सचीच देणगी. 1610 च्या सुमारास लिझ्यू गावच्या मारँ ल बुर्जवाने ती आकाराला आणली असे मानले जाते. घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते. चाप ओढला की ती पोलादी झडपेवर घासत जाते. झडप पुढे उलटते, वाटीतल्या रंजकावर ठिणग्या पडतात आणि कान्यातून आग आत शिरते. फ्रेंच गारगोटी मधासारख्या पिवळट रंगाची असे, तिच्या खाणी ल्वार खोऱ्यातल्या मन गावाच्या परिसरात होत्या. इंग्रजी गारगोटी काळी असते. पण जबड्यातल्या गारगोटीवरून बंदूक कधीही ठरवू नका, कारण ती दोन रुपयांच्या स्क्रूइतकी सहज बदलता येते. पाहायचे ते लोखंड. 1777 च्या नमुन्यात रंजकाची वाटी पितळेची आणि तिरपी बसवलेली असते. दस्त्याच्या डाव्या अंगाला गाल टेकायला खोलगट जागा कोरलेली असते. घोड्याची मान मजबुतीसाठी जोड देऊन घडवलेली असते, मधे बदामाच्या आकाराचे भोक राहते. मान नुसतीच बाकदार असेल तर नमुना आधीचा किंवा बंदूक खासगी कारागिराची.

कळीच्या पट्टीवरची अक्षरे भिंगाखाली वाचा. राजाच्या काळात 'मान्युफाक्त्यूर रॉयाल', म्हणजे राजाचा कारखाना, प्रजासत्ताकात 'नास्योनाल', मे 1804 मध्ये साम्राज्य आल्यावर 'आंपेरियाल', राजा परतल्यावर पुन्हा 'रॉयाल'. याला नमुन्याची आणि वर्षाची जोड द्या. प्रजासत्ताकाची कालगणना सप्टेंबर 1792 पासून मोजली गेली आणि 1 जानेवारी 1806 ला बंद झाली. कळीवर 'रॉयाल' आणि नळीवर प्रजासत्ताकाचे वर्ष असेल, तर ही दोन वेगळ्या बंदुकांची जुळणी आहे. कधी अशी जुळणी त्याच काळात सैन्याच्या दुरुस्तीखात्यात झालेली असते. ती लबाडी नव्हे, पण तिला अस्सल एकसंध बंदुकीचा भाव देऊ नका. स्क्रू काढायला विक्रेत्याने परवानगी दिली तर आतले भाग पाहा. जुळवणीच्या खुणा, अक्षरे किंवा टिंबे, सगळीकडे सारखी हवीत. ती सारखी नसतील तर का नाहीत, ते विचारा.

सगळ्यात फसवी जागा मात्र वेगळीच आहे. 1840 च्या दशकात फ्रेंच सैन्य गारगोटी सोडून टोपीच्या बंदुकांकडे वळले. लाखो जुन्या बंदुकांचे घोडे बदलले गेले, वाट्या काढल्या गेल्या, नळीवर टोपीची बोंडी बसवली गेली. पुढे संग्राहकांना गारगोटीच्याच बंदुका हव्या झाल्या, तेव्हा याच बंदुका परत उलट्या बदलल्या गेल्या. आज बाजारात अशा परतफेरीच्या बंदुका भरपूर आहेत. खुणा ठरलेल्या आहेत. कळीच्या पट्टीवर भरून घासलेली जुनी भोके तिरप्या उजेडात गोल डागांसारखी दिसतात. झडप आणि घोडा यांचे लोखंड पट्टीपेक्षा नवे आणि एकसारख्या रंगाचे असते. कान्याच्या भोकाभोवती वेगळ्या धातूची चकती असते, किंवा तिथे वेल्डिंगचा पुंजका दिसतो. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी खूण म्हणजे झिजेची. वर्षानुवर्षे रंजक जळत राहिले की कान्याच्या भोवती लोखंड खाऊन बारीक खड्डे पडतात. दस्ता झिजलेला, कड्या झिजलेल्या, आणि कान्याभोवती मात्र जागा गुळगुळीत, तर गोष्ट जुळत नाही. परतफेर केलेली बंदूक टाकाऊ नसते. मात्र ती तशी सांगून विकली पाहिजे आणि भाव त्यानुसार द्यावा.

एवढे सगळे पार पडले की मग 'अधिकारी' शोधायचा. मनगटाच्या जागी, म्हणजे दस्ता हाताच्या मुठीत येतो तिथे, चांदीची किंवा पितळेची छोटी अंडाकृती पाटी असते का, ते पाहा. तिच्यावर कुलचिन्ह किंवा गुंफलेली आद्याक्षरे असू शकतात. 1781 च्या सेग्यूर हुकुमाने सैन्यात अधिकारी होण्यासाठी चार पिढ्यांच्या सरदारकीचा पुरावा मागायला सुरुवात केली, त्यामुळे कुलचिन्हाचे महत्त्व तेव्हा भलतेच होते. जून 1790 मध्ये सरदारकी रद्द झाली. पाटी जुन्या हाताने खरवडलेली दिसली तर ती दोष समजून नवी बसवण्याचा मोह धरू नका. ते त्या वर्षांचे ओझे असू शकते आणि त्याचे मोल कोऱ्या पाटीहून जास्त आहे. कुलचिन्ह स्वच्छ असेल तर त्याचा फोटो घेऊन फ्रेंच कुलचिन्हांच्या सूचीत घराणे शोधा. घराणे सापडले आणि त्यातला माणूस सैन्यात असल्याची नोंद मिळाली, तर चिठ्ठीवरचा तो शब्द खरा ठरतो.

बाकी चिन्हे अशी: बारीक कोरीव काम, निळसर झळाळी दिलेली नळी, कधी सोन्याचा हात, चांगल्या रेषा असलेले अक्रोडाचे लाकूड. यासोबत संगिनीची खुंटी आणि खांद्यावर लटकवण्याच्या पट्ट्याच्या कड्या असल्याच पाहिजेत. त्या नसतील आणि लाकूड नळीच्या तोंडापर्यंत जात असेल, तर ती बहुधा शिकारीची. आणखी एक गोंधळ नेपोलियनच्या काळातला. डिसेंबर 1799 मध्ये शौर्याबद्दल मानाची शस्त्रे देण्याची प्रथा सुरू झाली. चांदीने मढवलेल्या, नाव कोरलेल्या मानाच्या बंदुका तेव्हा साध्या शिपायांना मिळत. व्हर्सायच्या कारखान्यात निकोला-नोएल बुते या थोर कारागिराच्या हाताखाली घडलेल्या अशा बंदुका अप्रतिम आहेत. चांदी पाहून त्यांना 'अधिकाऱ्याची' म्हणणे म्हणजे एका शूर शिपायाचा मान दुसऱ्याला देणे. 1804 नंतर व्होल्तिजर, म्हणजे चपळ पायदळी, तुकड्यांतल्या अधिकाऱ्यांसाठी आखूड, आत पेचाच्या रेषा असलेली वेगळी बंदूक काढली गेली. म्हणून नळीत टॉर्च धरून पाहायला विसरू नका. रेषा दिसल्या तर शोध त्या दिशेने वळवावा लागेल.

नव्या प्रतिकृती ओळखणे त्या मानाने सोपे. इटलीत आणि भारतातही शार्लव्हिलच्या नमुन्याच्या बंदुका आजच्या काळात बनतात. इतिहासाचे प्रयोग करणाऱ्यांना त्या उपयोगी पडतात आणि त्यांत काही गैर नाही. इटालियन बंदुकीवर गार्दोनेच्या चाचणीकेंद्राचे आधुनिक ठसे असतात, बहुधा नळीच्या अशा बाजूला जी लाकडाने झाकली जाते. कोणी ते घासून काढले तर तिथे उथळ खळगा राहतो. लीजचा अंडाकृती ठसा दिसला तर बंदुकीची चाचणी बेल्जियममध्ये 1810 नंतर कधीतरी झाली आहे. मग '1770 ची फ्रेंच' हा दावा तपासून घ्या.

महाराष्ट्रात विकणारे अशा बंदुकीला हमखास एक कथा जोडतात: ही शिंद्यांच्या कंपूतली, द ब्वान्यच्या पलटणीची. कथेला इतिहासाची पार्श्वभूमी आहे हे खरे. इब्राहिमखान गारदी बुसीच्या फ्रेंच फौजेत तयार झाला आणि पानिपतावर मराठ्यांसाठी लढला. महादजी शिंद्यांच्या नोकरीत द ब्वान्य होता, त्याच्यानंतर पेराँ आला. 1803 मध्ये अलीगढ, असई आणि लासवारीला या कंपूंचा शेवट झाला. पण या कंपूंसाठी शस्त्रे आग्र्यासारख्या ठिकाणी इथेच घडवली जात होती. फ्रेंच शिक्क्याची बंदूक पाँडिचेरीहून आली असेल, हैदराबादच्या फ्रेंच तुकड्यांतून आली असेल, किंवा शंभर वर्षांनी एखाद्या संस्थानिकाने पॅरिसच्या लिलावातून आणली असेल. कागद नसेल तर कथेचा भाव शून्य धरा. देवनागरीत किंवा फारसीत कोरलेला शस्त्रागाराचा क्रमांक, संस्थानाची नोंदवही, जुना परवाना असे काही मिळाले, तर मात्र ती बंदूक फ्रेंचांची जितकी, तितकीच आपल्या इतिहासाचीही. मग ती जपायची जबाबदारीही मोठी होते.

फ्रेंच लिलावाच्या यादीत काही शब्द पाहून थांबायला शिका. 'द'एपोक' म्हणजे त्या काळातली. 'द स्तील' म्हणजे त्या धाटणीची, अर्थात नंतरची. 'रमी आ सिलेक्स' म्हणजे परतफेर केलेली. 'आंकोंप्ले' म्हणजे काही भाग नाहीत. प्रत्यक्ष बंदुका पाहायला पॅरिसला आंव्हालीदमधले सैन्याचे संग्रहालय आणि सेंट-एतियेनचे कला व उद्योग संग्रहालय यांसारखी जागा नाही. एक दिवस त्यांच्या काचेसमोर घालवला की डोळा जे शिकतो ते दहा पुस्तकांत मिळत नाही. पुस्तकांत झाँ बुद्रियोचे फ्रेंच लष्करी बंदुकांच्या नमुन्यांवरचे काम हाताशी असावे. त्यातल्या रेखाटनांवरून एकेक स्क्रू ताडून पाहता येतो.

कायद्याकडे दुर्लक्ष करू नका. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये जुन्या धाटणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे, पण अट कडक आहे: दुरुस्तीने किंवा दुरुस्तीशिवाय ते बंदूक म्हणून चालता कामा नये. चालू अवस्थेतली चकमकीची बंदूक आपोआप या सुटीत येत नाही. शस्त्र नियमांतल्या 2020 च्या दुरुस्तीने भारतीय नागरिकांना पुराणवस्तू म्हणून गणलेली लहान शस्त्रे परवान्याविना घेण्याची आणि घरी ठेवण्याची मुभा दिली. मात्र ती वापरायला, बाळगून फिरायला किंवा दुसरीकडे न्यायला परवाना लागतोच. तुमची बंदूक कोणत्या वर्गात बसते हे विक्रेत्याला नव्हे, जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयाच्या परवाना शाखेला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तज्ज्ञाला दाखवायची असेल तर बंदूक गाडीत घालून नेण्याऐवजी तज्ज्ञाला घरी बोलवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणून 1972 चा पुराणवस्तू कायदाही तिला लागू होऊ शकतो. अशी वस्तू परदेशी पाठवता येत नाही, परदेशातल्या मुलालाही भेट म्हणून नाही.

फ्रान्समध्ये 1900 पूर्वीच्या नमुन्याची अशी बंदूक प्रौढ माणसाला सहसा मोकळेपणाने घेता येते. अमेरिकेत 1898 पर्यंत बनलेली शस्त्रे संघराज्याच्या कायद्यात पुराणवस्तू ठरतात, राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. ब्रिटनमध्ये कुतूहल किंवा शोभेची वस्तू म्हणून ठेवता येते. परदेशात राहणाऱ्या मराठी संग्राहकाने ती तिथेच ठेवावी हे उत्तम. भारतात आणायचीच असेल तर आयातीचा परवाना आधी, खरेदी नंतर. विमानतळावर समजावून सांगता येईल या भरवशावर कोणी राहू नये.

बंदूक घरात आली की बहुतेकांचा पहिला उत्साह ती चमकवण्याचा असतो. कृपा करून तसे करू नका. तपकिरी झालेले लोखंड आणि काळवंडलेले पितळ हेच तिचे वय आहे. पितळेच्या पॉलिशने आणि सॅंडपेपरने कोरीव अक्षरे पुसट होतात, आणि मग ज्या खुणांवरून आपण तिला ओळखले त्याच नाहीशा होतात. उघडा, लाल, भुकटी पडणारा गंजच तेवढा थांबवायचा. हलक्या यंत्रतेलात भिजवलेल्या मऊ फडक्याने तो हळूहळू उचलावा आणि नंतर संग्रहालयांत वापरतात तसे सूक्ष्मस्फटिकी मेण पातळ लावावे. लाकडावर जवसाचे तेल ओतू नये. ते साठून काळे पडते आणि कोरीव काम बुजते. लाकडालाही तेच मेण थोडे पुरते. हाताळताना सुती किंवा नायट्राइल हातमोजे घाला. घामातले मीठ लोखंडावर बोटांचे ठसे उमटवते आणि ते ठसे पुन्हा निघत नाहीत.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने खरी परीक्षा असते. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ओल तिथूनच येते. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. चामड्याच्या म्यानात किंवा पिशवीत कायम ठेवू नका, पितळेवर हिरवा थर चढतो. आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान राहील असे कपाट, आत सिलिका जेल आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक एवढ्यावर बरेच निभावते. वाळवी आणि भुंगे यांसाठी दर दोन महिन्यांनी दस्त्याखाली लाकडाचा भुसा पडलाय का ते पाहा. घोडा नेहमी खाली उतरवलेला ठेवा, कमान ताणलेली राहू देऊ नका. गारगोटीशिवाय रिकामा चाप ओढू नका. आणि ही बंदूक कधीही उडवू नका, अगदी नुसत्या दारूनेसुद्धा. आतून खाल्लेली नळी बाहेरून ठणठणीत दिसते. बार ऐकायचा असेल तर परवाना घेऊन आजच्या काळातली तपासलेली प्रतिकृती उडवावी.

घेतल्या दिवशीच तिची फाईल करा. सर्व बाजूंनी, तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. ठसे एकेक करून जवळून टिपा. मापे, वजन, कुठून घेतली, विक्रेता काय म्हणाला आणि त्यातले काय तपासून खरे ठरले, हे वेगवेगळे लिहा. पावती आणि परवाना शाखेचे पत्र त्यातच लावा. वारसांना ती फाईल कुठे आहे हे आजच सांगून ठेवा. अशा बंदुकीमागचा माणूस शोधायचे काम बऱ्याचदा पुढच्या पिढीकडे जाते, आणि त्यांना सुरुवात तुम्ही लिहून ठेवलेल्या मापांपासूनच करावी लागते.